नवा गेमिंग कन्सोल बाजारात चालायला नेमकं काय लागतं? ताकद, किंमत की आणखी काही?

ताकद नाही. मी लातुरात चार वर्षं गेम पार्लर चालवलंय, त्यावरून सांगतोय.

२००८ साल. औसा रोडच्या आतल्या गल्लीत दहा बाय बाराची खोली, दोन प्लेस्टेशन २, दोन जुने टीव्ही. अर्ध्या तासाला दहा रुपये. गिऱ्हाईक म्हणजे शिकवणीची पोरं. उदगीर, अहमदपूर, निलंग्याहून येऊन खोली करून राहिलेली, चहा-वड्याचे पैसे वाचवून टेकन हा मारामारीचा गेम खेळणारी. लाइटबिल आणि भाडं जाऊन चार पैसे उरत होते.

मग आमचे दाजी आले. पुण्यात कंपनीत आहेत. म्हणाले, "हे काय म्हातारं डबडं घेऊन बसलास? नवी मशीन बघ, चित्र कसं दिसतंय!" निम्मे पैसे त्यांनीच घातले, मग बोलायची सोय कुठं राहिली? त्या वेळची सगळ्यात महागडी मशीन आली (नाव घेत नाही), सोबत नवा टीव्ही. वसुलीसाठी अर्ध्या तासाचे तीस रुपये ठेवले.

पहिल्या रविवारी गल्लीभर गर्दी. सगळी बघायला. "भैय्या, ह्याच्यात क्रिकेट हाय का?" नव्हतं. डिस्का दोनच, आणि दुसरा कंट्रोलर घ्यायला पैसेच उरले नव्हते. पार्लरला पोरगं येतं ते दोस्ताला हरवायला. एकट्यानं डोंगर-नद्या बघायला तीस रुपये कोण देतंय? त्यात लोडशेडिंग. इन्व्हर्टरवर जुन्या दोन कशाबशा निघायच्या, तिसरी लावली की सगळंच बसायचं. पंधरा दिवसांत पोरं नव्या मशीनकडं पाठ करून जुन्या दोघींपुढं नंबर लावायलेत, हे मी डोळ्यानं बघितलं. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "तुला चालवता येईना, मशीन काय करंल?"

तर दाजी, वाचत असाल तर ऐका. प्लेस्टेशन २ जगात साडेपंधरा कोटींहून जास्त खपलं. त्याच्या वेळचा मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स ताकदीला वरचढ होता, तरी त्याच्या जवळपासही गेला नाही. पीएस २ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्का चालायच्या, डीव्हीडीवर पिक्चर बघता यायचा, म्हणजे घरातल्या मोठ्यांनाही घ्यायला निमित्त. निन्टेन्डो कंपनीचा वी (Wii) कन्सोल तर त्याच्या वेळच्या दुसऱ्या मशीनींपुढं ताकदीला कच्चाच होता, पण हात हलवून आजीसुद्धा बोलिंग खेळायची. दहा कोटींच्या वर गेला. त्याच कंपनीनं २०१२ मध्ये वी यू आणला. नाव असं की हा नवा कन्सोल आहे की जुन्याचं जोडसामान, हेच लोकांना कळेना. दीड कोटीही झाला नाही.

दुकानदाराला दुखवायचं नसतं, हेही कुणी सांगत नाही. सेगा कंपनीचा सॅटर्न कन्सोल अमेरिकेत सप्टेंबर १९९५ ला यायचा होता. मे महिन्यात कंपनीनं एकाएकी जाहीर केलं, आजपासून विक्री सुरू, आणि माल दिला दुकानांच्या मोजक्याच साखळ्यांना. बाकीचे चिडले. केबी टॉइज ह्या खेळण्यांच्या साखळीनं तर सेगाचा माल ठेवणंच सोडलं. खेळही तयार नव्हते, कारण बनवणारे सप्टेंबर धरून बसलेले. सॅटर्नची किंमत ३९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीचा माणूस मंचावर आला, पहिल्या प्लेस्टेशनची किंमत "२९९" एवढंच म्हणाला आणि खाली उतरला. दुकानात बसलेल्या माणसाला ह्यातलं शहाणपण लगेच कळतं. पुण्याच्या एसीत बसून कळत नाही.

आता खरं सांगायचं तर माझं गणितही पूर्ण जुळत नाही. सॅटर्ननंतर सेगानं आणलेल्या ड्रीमकास्टला खेळ चांगले होते, किंमतही बरी होती, तरी २००१ मध्ये सेगानं मशीन बनवणंच सोडलं. आधीच्या चुकांनी पैसाही संपला होता आणि लोकांचा विश्वासही. उलट एक्सबॉक्स ३६० लाल दिवे लागून ढिगानं बंद पडायचे, कंपनीला वॉरंटीपायी शंभर कोटी डॉलरवर पैसा बाजूला काढावा लागला, तरी तो आठ कोटींच्या वर खपला. शिवाय आपल्याकडं पीएस २ चाललं त्यात कॉपी डिस्कांचा हात मोठा होता. माझ्याकडंही त्याच होत्या, नाकारत नाही.

तुम्ही स्वतःसाठी घ्यायला निघाला असाल तर दोस्तांकडं कोणता आहे ते बघा, आणि दुसऱ्या कंट्रोलरचे पैसे आधी बाजूला काढा. आमची ती मशीन दाजींच्या माळ्यावर आहे. विकून टाका म्हटलं की म्हणतात, अजून चालती की.