बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंटने, म्हणजे कामाच्या प्रक्रिया तपासून सुधारत राहण्याच्या पद्धतीने, कंपनीचं कामकाज खरंच सुधारतं का? सुरुवात कुठून करावी?

सुधारतं, पण नुसतं सॉफ्टवेअर विकत घेऊन नाही. आधी एकच प्रक्रिया निवडा, समजा पुरवठादाराचं बिल मंजूर करणं, आणि ती आज प्रत्यक्षात कशी चालते ते कागदावर उतरवा. नियमावलीत पाहून नव्हे, ते काम रोज करणाऱ्यांच्या शेजारी बसून. मग प्रत्येक टप्प्यावर दोन गोष्टी मोजा: कामाला लागलेला वेळ आणि फाईल नुसती पडून राहिलेला वेळ. उशीर बहुतेकदा या दुसऱ्यात सापडतो, विशेषतः काम एका विभागातून दुसऱ्याकडे जाताना. अनावश्यक मंजुऱ्या काढा, संपूर्ण प्रक्रियेची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. ऑटोमेशन त्यानंतरच, आधी केलंत तर चुका तशाच राहतील, फक्त लवकर होतील. प्रक्रियेचा आराखडा काढायला बीपीएमएन (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन) ही चिन्हपद्धती शिका. तिची २.० आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०१३ पासून ती आयएसओ मानक आहे.