नवीन कॉम्बी बॉयलरसाठी गॅसचा पाइप खरंच बदलावा लागतो का?

बहुतेक वेळा हो. इंग्लंडमधल्या तुमच्या घरात टाकीवाला जुना १८ किलोवॅटचा बॉयलर होता, आता ३० किलोवॅटचा कॉम्बी (घर गरम करणं आणि नळाचं गरम पाणी, दोन्ही एकाच यंत्रात, टाकीशिवाय) येतोय, आणि इन्स्टॉलर म्हणतोय की १५ मिमीचा गॅसपाइप काढून २२ मिमीचा टाकावा लागेल. कॉम्बी नळाचं पाणी त्याच क्षणी तापवतो, त्यामुळे तो पूर्ण ताकदीवर असताना तासाला साधारण ३.२ घनमीटर गॅस ओढतो.

नियम असा, की मीटरपासून उपकरणापर्यंत दाब १ मिलीबारपेक्षा जास्त घसरता कामा नये. तुमचा पाइप ९ मीटर आणि वाटेत सहा एल्बो (काटकोनी वळणाचे जोड). प्रत्येक एल्बो गॅसला अडवतो, म्हणून तो अर्धा मीटर जादा पाइप धरायचा, म्हणजे झाले १२ मीटर. एवढ्या लांबीत १५ मिमी तांब्याच्या पाइपमधून तासाला जेमतेम १.३ घनमीटर गॅस जातो, २२ मिमीतून ३.९. इन्स्टॉलर तुम्हाला फसवत नाहीये!

शेगडी त्याच पाइपवर असेल तर तिचा गॅसही मोजायला सांगा. मग सामाईक भाग कदाचित २८ मिमीचा करावा लागेल.

काही नवे बॉयलर कमी दाबावरही चालतात, म्हणून १५ मिमी चालेल असं कुणी सांगेल. उत्पादकाच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असेल तरच ऐका, आणि तेव्हाही शेगडीला पुरेसा दाब मिळतोय ना, हे तपासून घ्या.

काम गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. बॉयलर आणि शेगडी दोन्ही पूर्ण चालू असताना बॉयलरपाशी दाब मोजून दाखवायला सांगा.