पगार थांबला तर काय उरतं, तिथून सुरुवात कर

तू लिहिलंयस ते आधी एका जागी मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय 27, हातात 52 हजार येतात, डोंबिवलीला आईबाबांसोबत राहतोस. क्रेडिट कार्डावर 38 हजार थकलेत आणि तू दर महिन्याला मिनिमम, म्हणजे बँकेने ठरवलेली किमान रक्कमच, भरतोयस. वर्षाला 30 हजार हप्त्याची एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र) आहे, कंपनीचे शेअर्स घ्यायला पगारातून 5 हजार कापून जातात, आणि बाबा म्हणतायत टिटवाळ्याला फ्लॅट बुक कर. यातलं असेट, म्हणजे कामाची मालमत्ता, कुठलं आणि शिकायला सुरुवात कुठून करू, हा तुझा प्रश्न.

मी लालबागच्या चाळीत वाढले. बाबा मिलमध्ये लूम खात्यात होते आणि आई घरात खाणावळ चालवायची, दहा-बारा जण जेवायला असायचे. म्हणजे बघायला गेलं तर घरात दोन उत्पन्नं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. बाबांचा पगार बंद झाला आणि पुढच्या दोन महिन्यांत खाणावळही बसली, कारण जेवणारे सगळे मिलवालेच होते, ते गावाला निघून गेले. दोन्ही उत्पन्नं एकाच भोंग्यावर चालत होती हे तोपर्यंत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. शेवटी घर चाललं ते एका पायमशीनवर, जे आईने दोन वर्षं आधी भिशी लागली तेव्हा घेतलं होतं, आणि तेव्हा आजी तिला खूप बोलली होती की त्या पैशात एखादा दागिना आला असता. दादरच्या एका दुकानासाठी आई डझनावर परकर शिवायची. मी शाळेतून आले की नाड्या ओवायचं काम माझं.

म्हणून असेट शब्द ऐकला की मी एकच विचारते, माझा पगार थांबला तर ही वस्तू मला पैसे देईल का मागेल? आणि ती त्याच गेटवर अवलंबून आहे का जिथून माझा पगार येतो?

आता तुझे कंपनीचे शेअर्स बघ. कंपनीचं बिनसलं तर नोकरी आणि शेअर्स एकदमच पडणार, आमच्या खाणावळीसारखं. डिस्काउंटवर मिळत असतील तर कार्ड फिटल्यावर घे, पण विकायची परवानगी असेल तेव्हा विकून पैसे दुसरीकडे वळव. डिस्काउंट नसेल तर ती कपात आजच कायमची थांबव.

कार्डाचं आधी संपव, बाकी सगळं त्यानंतर. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. 38 हजारांवर 1,330 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले जवळजवळ 1,570. मिनिमम 5 टक्के धरलं तर तू 1,900 भरतोस, म्हणजे मुद्दल कमी झालं जेमतेम 330 रुपयांनी. शिवाय थकबाकी असताना नवीन खरेदी केलीस तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. कुठलाच फंड तुला हमखास वर्षाला 42 टक्के देणार नाहीये. शेअर्सच्या कपातीचे 5 हजार आणि वर अजून 8 हजार टाकलेस तर तीन-साडेतीन महिन्यांत कार्ड साफ, तोवर ते कार्ड आईकडे ठेवायला दे.

मग सहा महिन्यांचा खर्च बाजूला, एफडीत. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं पण मार्च 2020 आठव. जानेवारीत सेन्सेक्स, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, 42 हजारांच्या आसपास होता, 23 मार्चला 26 हजारांच्याही खाली बंद झाला, त्या एका दिवसात 13 टक्के गेले, आणि नेमक्या त्याच काळात लोकांच्या नोकऱ्याही जात होत्या. ज्यांच्याकडे रोख नव्हती त्यांना तळालाच फंडातली युनिट्स विकावी लागली. आणि हो, बाबांचे रिटायरमेंटचे पैसे एकाच सहकारी बँकेत असतील तर बघ, विमा प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंतच आहे. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळं एकीकडे ठेवू नका रे.

फ्लॅट. बाबांची कळकळ समजते मला, आपल्या माणसाला डोक्यावर स्वतःचं छप्पर हवंच असतं, मीही घेतलंय. पण 30 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं, याचा ईएमआय, म्हणजे महिन्याचा हप्ता, 26,035. तुझा अर्धा पगार. पहिल्या हप्त्यातले 21,250 व्याजात जातात, मुद्दल फिटतं 4,785. एकूण भरशील साडेबासष्ट लाखांच्या जवळपास. वर ताबा मिळेपर्यंत तू डोंबिवलीतच राहणार आणि ट्रेनने रोज टिटवाळ्यापर्यंत जायची तुझी तयारी आहे का ते कुणी विचारलंच नाहीये. पगार थांबला तर हा फ्लॅट पैसे मागणार. लग्न झालं, राहायचं ठिकाण ठरलं, की घे, घर म्हणून घे.

तुझं पायमशीन आत्ता साधं असू दे. निफ्टी 50 चा इंडेक्स फंड, म्हणजे बाजारातल्या 50 मोठ्या कंपन्यांत पैसे वाटून टाकणारा म्युच्युअल फंड, डायरेक्ट प्लॅन, 5 हजारांची एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम. डायरेक्ट प्लॅन 2013 पासून आहेत, एजंटचं कमिशन त्यात नसतं. नुसता हिशोब सांगते, ही हमी नव्हे, 20 वर्षं 12 टक्क्यांनी साधारण 50 लाख होतात, कमिशनात एक टक्का गेला तर 11 ने पावणेचव्वेचाळीस. एका टक्क्यात सहा लाख गेले. जोडीला पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं, वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, आणि पैसे महिन्याच्या 5 तारखेच्या आत टाक, कारण व्याज 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर धरतात. नोकरी बदललीस तर पगारातून कापला जाणारा पीएफ काढून मोबाईल घेऊ नकोस, ट्रान्सफर कर. हे मी पोटतिडकीने सांगते कारण माझ्या भावाने तीनदा काढलाय.

राहिली पॉलिसी. आईबाबा तुझ्यावर अवलंबून असतील तर आधी टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला नुसता विमा, घे, तो हातात आल्याशिवाय जुनीला हात लावू नकोस. मग विमा कंपनीकडून आजची सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी बंद केली तर हातात येणारी रक्कम) आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी चालू ठेवली, तर मुदतीला काय मिळेल, दोन्ही आकडे लेखी माग. एजंट काका तोंडी सांगतील ते धरू नकोस, घरचे संबंध आहेत म्हणून गप्पही बसू नकोस. आकडे आले की हप्त्यांच्या तारखांसकट इथेच टाक, एक्सेलमध्ये एक्सआयआरआर, म्हणजे वर्षाचा खरा परतावा, कसा काढायचा ते तुझ्याच आकड्यांवर करून दाखवते.