उमरीकडून इंग्लंडला निघालेल्या बहिणीला

सलाम बहिणी,

तू लिहिलंस की जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झाला, उमरीच्या बाजूला मिशन दवाखान्यात ड्युटी सुरू आहे, ओईटीची, म्हणजे दवाखान्यातल्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी चालली आहे आणि तुझ्या बाबांच्या वावरावर सोसायटीचं कर्ज आहे. परीक्षा आणि विसा याबद्दल बाकीच्यांनी तुला भरपूर सांगितलंय. तुझा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत होता: "ताई, तिकडे एकटं पडल्यावर विश्वास टिकतो का?" मी त्याचंच उत्तर देते. मीही यवतमाळ जिल्ह्यातलीच, आता उत्तर इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वॉर्डवर नर्स आहे.

टिकतो. पण आपोआप नाही.

गावात असताना कळत नाही की आपला विश्वास किती जणांनी उचलून धरलेला असतो. ड्युटीआधी वॉर्डात प्रार्थना होते, ऑपरेशनआधी डॉक्टर डोळे मिटतात, आठवड्यात एकदा कोणाच्या तरी घरी घरसभा असते. एक रविवार चुकला की सोमवारी मावशी दारात हजर, "काय झालं वं बाई, बरं नाही का?" २०१७ साली बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, त्याच हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषानं माणसं गेली. त्या दिवसांत आमच्या घरात कोणाच्याच तोंडून धड प्रार्थना निघत नव्हती. बाबा जेवणाआधी हात जोडायचे आणि गप्प बसून राहायचे. आमच्या वाटची प्रार्थना मंडळीनं केली. विमानात तू एकटी बसशील, मंडळी बसणार नाही. पहिल्या हिवाळ्यात जे रितं रितं वाटेल, त्याला विश्वास उडाला असं नाव देऊ नकोस. डिसेंबरात इथे सकाळी आठनंतर उजाडतं आणि दुपारी चारच्या आत मावळतं. लाँग डे, म्हणजे दिवसभराची लांब ड्युटी, करणाऱ्या बाईला कित्येक दिवस सूर्यच दिसत नाही. त्यात अर्धं दुखणं अंधाराचंच असतं.

तुझ्या स्टेटसला बायबलातलं यिर्मया २९:११ आहे, देवाच्या मनात तुमच्या भल्याच्या योजना आहेत म्हणणारं, ते मी पाहिलं. परदेशी निघालेल्या प्रत्येकाच्या स्टेटसला ते असतं. एकदा अख्खा अध्याय वाच. ते बाबेलला बंदिवासात नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आणि भल्याचं अभिवचन यायच्या एक ओळ आधी सत्तर वर्षांची मुदत आहे! त्याच्याही आधी काय सांगितलंय? घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या नगरात नेलं त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि मध्येच एक इशारा आहे, की तुमच्यातल्या संदेष्ट्यांच्या स्वप्नांना फसू नका. मला विचारशील तर स्टेटसला हा इशारा जास्त उपयोगाचा आहे.

कारण आपल्या भागात आता विसासाठी तेल लावून प्रार्थना करणारे निघाले आहेत. इतकं दान द्या, अमुक महिन्यात पासपोर्टवर शिक्का पडेल, असं सांगतात. त्यातले काही एजंटाच्या ओळखीचेही असतात. तू श्रद्धेनं जा, पण कागद वाचून जा. ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या भरतीच्या नियमावलीप्रमाणे नर्सकडून भरतीची फी घ्यायची नसते. कोणी लाखांत मागत असेल तर तिथेच थांब. 'केअर वर्कर' म्हणून, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करायला, पाठवतो म्हणणाऱ्याकडे तर फिरकूच नकोस, त्या कामासाठी बाहेरच्या देशांतून नवीन माणसं घेणं ब्रिटननं २२ जुलै २०२५ पासून बंद केलंय. तू नर्स म्हणून ये. ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा इथे आल्यावर द्यावी लागते आणि एका अर्जावर तीनच संधी मिळतात. मानेवर सावकार घेऊन ती परीक्षा देणं फार वाईट. वावर गहाण टाकू नकोस. देव वावर सोडवून देईल असं कोणी म्हणालं, तर त्याला विचार, तो स्वतः सही करतो का जामीनदार म्हणून.

आता रविवार. हा सगळ्यात मोठा खड्डा आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. इथे बँड ५ च्या, म्हणजे नर्सच्या पहिल्या पगारश्रेणीतल्या, नर्सला रविवारी ड्युटी केली तर त्या तासांचे साठ टक्के जास्त मिळतात. घरी कर्ज आहे, भावाची फी आहे, आईचे गुडघे आहेत, मग आपण होऊन रविवार मागून घेतो. चार महिने, सहा महिने, मग चर्चचा रस्ताच लक्षात राहत नाही. मी तुला पैसे सोडून दे असं म्हणणार नाही, ज्याच्या घरी पऱ्हाटी आहे त्याला मी ते कसं सांगू? पण महिन्यातले दोन रविवार मोकळे ठेवायची विनंती पहिल्याच महिन्यात मॅनेजरला लेखी दे. लवकर मागितलं तर बहुधा मिळतं. राहायची खोली चर्चपासून चालत जाता येईल इतकी जवळ बघ. पंचवीस डिसेंबरला इथे आगगाड्या बंद, बसही जवळपास नसतातच. आपल्याकडे त्या आठवड्यात रात्र रात्र कॅरल पार्टी घरोघर फिरते, करंज्यांचे डबे उघडे असतात. इथे पहिला नाताळ खोलीत बसून काढलास तर जानेवारी फार जड जाईल.

चर्च कोणतं, हे तू विचारलंस. आपल्यासारख्या मेथडिस्ट मंडळीच्या माणसाला इथलं मेथडिस्ट चर्च परकं वाटत नाही, प्रभुभोजनाला कोणी अडवत नाही. सी.एन.आय.ची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, असशील तर, ती १९७० साली आपल्या नागपुरातच स्थापन झाली आणि अँग्लिकन कुटुंबातलीच आहे, त्यामुळे चर्च ऑफ इंग्लंडमध्ये सरळ जाऊन बस. लोक म्हातारे असतील, गाणी संथ वाटतील, उपासनेनंतर चहा-बिस्किटं आणि हवामानावर गप्पा. हसू नकोस, त्या गप्पांतूनच ओळखी होतात. केरळच्या नर्सेस आपापली मंडळी घेऊनच येतात, त्या तुला प्रेमानं बोलावतील. जा, पण मल्याळम उपासनेत तीन तास बसून मला तरी झोप आली.

मराठीत प्रार्थना करायला माणूस ठेव, हे मात्र पक्कं. गावच्या उपासनेचं मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण इथे पहाटे साडेतीन-साडेचारला असतं, ते जमणार नाही. मी आणि दोन मैत्रिणी, एक वर्ध्याची, एक दुबईत, ठरलेल्या वेळी फोनवर एक स्तोत्र वाचतो. आवाज फुटतो, नेट जातं, तरी वाचतो.

वॉर्डमध्ये सावध राहा. मिशन दवाखान्यात रोग्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणं हे आपलं कामच होतं. इथे नर्सिंग कौन्सिलची संहिता सांगते की स्वतःच्या धार्मिक मतांचं रोग्यांपुढे अनुचित प्रदर्शन करू नये, आणि तक्रार झाली तर नोंदणीवर येऊ शकतं. मला सुरुवातीला हे प्रभूला नाकारल्यासारखं वाटायचं. आता नाही वाटत. म्हाताऱ्याला घाईशिवाय घास भरवणं चालतं, त्याला संहितेची हरकत नाही. रोग्यानंच प्रार्थना मागितली तर हॉस्पिटलात चॅप्लिन, म्हणजे दवाखान्याचे पाळक, असतात, त्यांना बोलाव.

त्या चॅप्लिनची गरज मलाही पडली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे बाबा गेले. २३ एप्रिल २०२१ पासून भारत ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे प्रवासाचे सगळ्यात कडक निर्बंध असलेल्या देशांत, होता. गेले असते तर परत येताना सरकारी हॉटेलात कोंडून घ्यावं लागलं असतं, आणि तोवर माती झालीही होती. मी फोनवर कबरस्तान पाहिलं, पाळकसाहेब आणि चार माणसं. त्या आठवड्यात मला कोणीही "देवाची योजना असते" म्हटलं की तोंड फिरवावंसं वाटे. चॅप्लिन बाईंनी तसं काही म्हटलं नाही. स्तोत्र ८८ उघडून दिलं. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुती येत नाही. आपल्या मंडळीत ते वाचलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. साक्ष द्यायची तर शेवट गोड हवा, अशी आपली सवय. रविवारी त्यांनी प्रार्थनेत बाबांचं नाव घेतलं, उच्चार पार मोडला. मेलेल्यांची नावं अशी घेणं आपल्या शिकवणीत बसत नाही, हे मला माहीत आहे. मला बरं वाटलं. कोणी वाद घालायचा तर घालू दे.

तर ८८ आत्ताच वाचून ठेव, गरज पडल्यावर शोधू नकोस.

कागदांत बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकसाहेबांचं सभासदत्वाचं पत्र इंग्रजीत, शिक्क्यासह घे. पत्रात संडे स्कूल घेतेस, गाण्यात आहेस, हे लिहून माग. इथे त्यावरून लगेच काम देतात, आणि काम मिळालं की माणूस मंडळीत रुजतो. साहेबांची बदली होण्याआधी माग, नवीन माणूस तुला ओळखत नसेल.