पीक बरोबर आला, मग हायड्रोजन कुठून आला?

प्रश्न: ग्राफिटिक कार्बन नायट्राइड (सी३एन४) बनवायला मेलामाइन झाकण लावलेल्या क्रुसिबलमध्ये ५५० अंशांवर ४ तास तापवलं, पिवळी पावडर मिळाली, एक्सआरडीत (एक्स-रेने रचना बघण्याच्या चाचणीत) २७.४ अंशांवर मस्त पीक आहे. पण एलिमेंटल अ‍ॅनालिसिसमध्ये कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण ०.७५ ऐवजी ०.६६ आलंय, शिवाय हायड्रोजनही दिसतोय. सिंथेसिस फसली का? युरिया घेऊन परत करू?

उत्तर: अजिबात फसली नाही, उलट तुमचा आकडा प्रामाणिक आहे. ०.७५ हे आदर्श सी३एन४ साठी, आणि ते या पद्धतीने जवळपास कुणाच्याच हाती लागत नाही. तुमच्याकडे आहे ते बहुतेक मेलॉन, म्हणजे हेप्टाझीन या कार्बन-नायट्रोजनच्या घटकाच्या रिंगा एनएचने (नायट्रोजन-हायड्रोजनच्या गटाने, तुमचा हायड्रोजन यातलाच) जोडलेल्या साखळ्या, सूत्र सी६एन९एच३, प्रमाण ०.६७. हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिगने १८३४ मध्येच नोंदवलंय, आणि २००९ मध्ये ज्याच्यावर दृश्य प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन काढून दाखवला आणि सगळे या मटेरियलच्या मागे लागले, तेही याच घराण्यातलं.

२७.४ चा पीक फक्त एवढंच सांगतो की थर एकावर एक बसलेत, मधलं अंतर साधारण ०.३२६ नॅनोमीटर. थराच्या आत जोडणी कुठवर झाली ते त्यातून कळत नाही, त्यासाठी एफटीआयआर (रेणूतले बंध ओळखणारी इन्फ्रारेड चाचणी) बघा. ८१० सेमी⁻¹ च्या आसपासचा टोकदार पीक रिंगांचा, पण ३००० ते ३३०० मधला तो पसरट पट्टा एनएचचा, आणि तो तुमच्या सॅम्पलमध्ये असणारच.

हायड्रोजन वजनाने १.५ टक्क्याच्या आसपास असेल तर मेलॉनशी जुळतं. बराच जास्त आला तर आधी सॅम्पल नीट वाळवून परत द्या, कारण ही पावडर हवेतलं पाणी धरते, आणि तरीही कमी झाला नाही तर कंडेन्सेशन (अमोनिया सोडत रेणू एकमेकांना जोडले जाणं) अर्धवट राहिलंय असं समजा. आणि हो, एक्सपीएसमध्ये (फक्त पृष्ठभागातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या चाचणीत) ०.७५ दिसलं तर लगेच खूश होऊ नका, पृष्ठभागाला चिकटलेला बाहेरचा कार्बन तो आकडा फुगवतो.

तापमान वाढवून हायड्रोजन घालवायचा मोह होईल, पण ६०० च्या वर मटेरियलच तुटायला लागतं, ७०० ला क्रुसिबल जवळपास रिकामं.

युरियाने थर पातळ आणि सच्छिद्र येतात, सरफेस एरिया वाढतो, फोटोकॅटॅलिसिस (प्रकाशाच्या मदतीने रासायनिक क्रिया घडवणं) करायचं असेल तर जरूर करा. पण यील्ड फारच कमी आणि अमोनिया भरपूर, फर्नेसला एक्झॉस्ट नसेल तर कृपया करूच नका. प्रमाण ०.७५ व्हावं एवढ्यासाठी मात्र युरियाकडे जाऊ नका, त्यातूनही मेलॉनसारखंच मिळेल.