आम्ही हिंदू आहोत. मुलीला मराठी शाळेतून काढून आठवीला वसईतल्या एका छोट्या कॅथलिक इंग्रजी शाळेत घालायचा विचार आहे. ती तिथे परकी पडेल का?

हिंदू म्हणून नाही पडणार. परका मी पडलो होतो, आणि मी जन्माने कॅथलिक, वसईतल्याच नंदाखाल बाजूचा कुपारी, म्हणजे इथल्या स्थानिक ख्रिस्ती समाजातला.

सातवीपर्यंत गावातली मराठी शाळा. घरी कादोडी ही आमची बोली, चर्चमध्ये मिस्सा मराठीतून. मोठ्या भावाच्या डोक्यात आलं की याचं इंग्रजी सुधारलं पाहिजे, म्हणून आठवीला मला असंच एका छोट्या शाळेत टाकलं. इयत्तेला एकच तुकडी, पस्तीसेक पोरं, सगळी बालवाडीपासून एकत्र वाढलेली.

पहिल्याच दिवशी प्रार्थनेला 'हेल मेरी' सुरू झाली. मारियेची प्रार्थना मला मराठीतून झोपेतही म्हणता यायची, इंग्रजीतून एक ओळ येईना. मी नुसते ओठ हलवतोय आणि शेजारचा, बँकवाल्या जोशांचा मुलगा, खणखणीत म्हणतोय! सिस्टरांनी बाजूला घेऊन मला विचारलं, "आर यू कॅथलिक?" त्याला नाही, मला. मधल्या सुट्टीत त्यानेच वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत लिहून दिलं, 'ब्लेस्ड आर्ट दाऊ अमंग विमेन'. म्हटलं, यात चित्रकला कुठून आली? तो म्हणाला, "माहीत नाही, पाठ कर."

वर्गात मराठी बोललं की मॉनिटर नाव लिहायचा, नावामागे एक रुपया दंड. माझा सगळ्यांत जास्त. 1616 साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचं मराठी 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राचोलला छापलं गेलं, आणि त्याच्याच धर्माच्या शाळेत मी मराठीचा दंड भरत होतो. घरी कुरकुर केली की भाऊ म्हणायचा, "मग काय, केळीची वाडीच करायचीय?"

2020 ला फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मी मुद्दाम भावाला फोन लावला. म्हटलं, बघ, आपला वसईचा फादर मराठीच्या संमेलनाचा अध्यक्ष. तो म्हणाला, "छान. आणि हा फोन तू कुठल्या नोकरीच्या पैशांनी करतोयस?"

तर तुमचा प्रश्न. धर्माची काळजी करू नका. आमच्याकडे कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला गेली की बाकीच्यांना मूल्यशिक्षणाचा तास असायचा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेला पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, घटनेचं कलम 28 आहे. खरी अडचण आठवीची. एकच तुकडी असली की मैत्रिणींची टोळकी कधीच ठरलेली असतात, आणि बाजूच्या तुकडीत जाऊन बसायची सोयही नसते. मुलगी घरी मराठी बोलणारी असेल तर प्रवेशाच्या वेळी एवढंच विचारा, मधल्या सुट्टीत मराठी बोललेलं चालतं का? उत्तर द्यायला मुख्याध्यापिका अडखळल्या तर उठा.

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची आहे, तेवढं लक्षात घ्या. आता दंडबिंड बंदही झाले असतील. सिस्टर शिकवायच्या मात्र जीव तोडून, गणित मला त्यांच्यामुळेच आलं. आणि तो जोशी माझ्या लग्नात चर्चमध्ये पहिल्या बाकावर होता.

तरी मला विचाराल तर मुलीला आहे त्या मराठी शाळेतच राहू द्या. भाऊ हे वाचत असेल तर, हो, पुन्हा तेच.