अमेरिकेत कॉलेज निवडताना प्रवेशाची शक्यता आणि खर्च मुलीला कसा समजावावा?

मुलगी अकरावीत आहे, हार्वर्डशिवाय दुसरं नाव घेत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिला नाउमेद करू नका. तिच्या शेजारी बसून कॉलेजच्या वेबसाइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे आर्थिक मदत वजा जाता तुम्हाला प्रत्यक्ष किती खर्च येईल याचा अंदाज देणारा फॉर्म, भरा. उत्पन्न, बचत टाका आणि आलेला आकडा तिलाच वहीत लिहू द्या. छापील फी आणि हा आकडा यांत कधीकधी जमीन-अस्मानाचा फरक असतो. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्डसह आठ नामांकित विद्यापीठांच्या गटात, मार्कांवर शिष्यवृत्ती नाही, मदत मिळते ती फक्त गरजेनुसार. हार्वर्ड 100 अर्जांमागे 5 जणांनाही घेत नाही. उत्तम मार्कांच्या मुलांनाही नकार येतो, हे तिला आत्ताच कळू दे. यादीत प्रवेश जवळपास पक्का आणि खर्च झेपणारी, तिला मनापासून आवडणारी दोन कॉलेजं हवीतच. हार्वर्डखेरीज इतरत्र अर्ली डिसिजनचा, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर करायचा अर्ज मात्र आकडा बघूनच भरा, तो बंधनकारक असतो, प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं.